सरकारी कामं ऑनलाइन: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न: फॉर्म ऑनलाइन भरतो, मग त्याचीच प्रिंट काढून सही करून ऑफिसात नेऊन द्यायला सांगतात. मग ऑनलाइनचा उपयोग काय?

उत्तर: तुमच्यासाठी जवळजवळ काहीच नाही, तुमची चिडचिड अगदी बरोबर आहे. अशा ठिकाणी खिडकीवरचा कागद तेवढा स्क्रीनवर आलेला असतो, आतली फाइल पूर्वीसारखीच या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असते. मी एका ऑफिसात काम करताना डोळ्यांनी बघितलंय, अर्ज ऑनलाइन यायचे आणि आत एक ताई त्यांच्या प्रिंट काढून, कागदावर फूटपट्टी ठेवून, म्हणजे ओळ चुकायला नको म्हणून, तीच सगळी माहिती दुसऱ्या सिस्टिममध्ये परत टाइप करायच्या. दिवसभर. बाहेर लोक म्हणायचे सर्व्हर स्लो आहे, आणि उशीर होत होता तो त्या फूटपट्टीपाशी.

युरोपातल्या एस्टोनिया या छोट्या देशाने 2001 मध्ये एक्स-रोड नावाची व्यवस्था सुरू केली, तिचं मला कौतुक वाटतं ते यासाठीच. एका खात्याकडे तुमचा पत्ता असेल तर दुसरं खातं तो त्याच्याकडूनच मागून घेतं, तुमच्याकडे परत दाखला मागत नाही. आधी खात्यांनी एकमेकांशी बोलायचं, वेबसाइट त्याच्यानंतर.

प्रश्न: पण सगळी खाती जोडली तर माझी माहिती कुणीही उघडून बघेल, त्याचं काय?

उत्तर: जोडणं म्हणजे सगळ्यांची माहिती एका गोदामात नेऊन ओतणं नव्हे. एक्स-रोडमध्ये प्रत्येक खात्याची माहिती त्याच्याकडेच राहते, लागेल तेवढीच पुढे जाते आणि कुणी काय मागितलं त्याची नोंद होते. शिवाय तिथल्या नागरिकाला स्वतः लॉगिन करून आपली माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली हे बघता येतं. मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते, कारण आपण बघितलेलं त्या माणसाला दिसणार आहे हे माहीत असलं की उगाच डोकावणारे हात आपोआप आवरतात.

धोका शून्य होत नाही हेही खरं. 2017 मध्ये तिथल्याच ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला, असा दोष असलेली साडेसात लाखांच्या आसपास कार्डं होती. सरकारने ते लोकांना उघड सांगितलं आणि कार्डांची सर्टिफिकेटं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं, थांबवून अपडेट करायला लावली. लपवालपवी केली असती तर भरवसाच उडाला असता.

प्रश्न: आई सत्तरीच्या पुढे आहे. फॉर्म भरताना जन्मतारखेवरच अडकते. वयामुळे होतं का?

उत्तर: अजिबात नाही, आईंना तसं वाटूही देऊ नका. 1952 चा जन्म असेल आणि कॅलेंडर एकेक महिना मागे जाणारं असेल तर आठशेच्या वर क्लिक करावे लागतात, कुणीही कंटाळेल! ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवर दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने देतात, टाइप करा आणि पुढे जा. इतकी साधी गोष्ट आहे, पण त्यासाठी फॉर्म बनवणाऱ्याने एखाद्या आजींच्या शेजारी बसून बघावं लागतं.

आणि ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी माणूस हवाच. डेन्मार्कने 2014 पासून सरकारी पत्रं डिजिटल टपालाने घेणं बंधनकारक केलं, तरी ज्यांना शक्य नाही त्यांना सूट ठेवली.

प्रश्न: अॅप चांगलं की वेबसाइट?

उत्तर: वर्षातून एकदा लागणाऱ्या कामाला वेबसाइट. त्यासाठी फोनमधली जागा कशाला अडवायची.

प्रश्न: सिस्टिमने माझ्या नावावर थकबाकी दाखवली, ऑफिसात म्हणतात कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे असणारच. काय करू?

उत्तर: हे उत्तर मान्य करू नका. ऑस्ट्रेलियात रोबोडेट प्रकरणात, म्हणजे सरकारी मदतीची वसुली कॉम्प्युटरच्या हिशोबावर चालवली तेव्हा, नेमकं हेच झालं, कॉम्प्युटरने लोकांचं वर्षाचं उत्पन्न 26 पंधरवड्यांत सारखं वाटून टाकलं, त्यामुळे जो माणूस सहा महिने नोकरीत आणि सहा महिने बेकार होता तो वर्षभर कमावत होता असा हिशोब निघाला, आणि बेकारीत हक्काने घेतलेली मदत परत करा म्हणून पत्रं गेली. खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझंही लोकांवरच, काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधत बसा. शेवटी 2020 मध्ये सरकारला सुमारे 4 लाख 70 हजार थकबाक्यांचे पैसे परत करायची घोषणा करावी लागली.

म्हणून लेखी विचारा: हा आकडा कोणत्या तारखांचा, कुठल्या नोंदीवरून काढला, आणि तो तपासणारा अधिकारी कोण. स्क्रीनशॉट, अर्ज क्रमांक आणि पोच जपून ठेवा, आणि अपिलाची मुदत आजच बघून घ्या, ती बोलाचालीत निघून जाते.