हात धुऊन घे, मग वाच

"मॅडम, मोबाईलवर कॉमिक वाचणं हे वाचनात धरायचं की मोबाईल बघण्यात?"

मी मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते. वर्षातून आठ-दहा पालक तरी मला हे विचारतात. मागच्या दिवाळीनंतर हाच प्रश्न घेऊन एक जोडपं आलं, सोबत आठवीतला मुलगा. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे चिरंजीव म्हणते, कारण त्याचे बाबा रागावले की हाच शब्द वापरायचे.) चिरंजीव फोनवर कोरियन वेबटून आणि जपानी मांगा, म्हणजे तिकडची कॉमिक्स, वाचत होता. रोज दोन-अडीच तास, बहुतेक रात्री. सहामाहीत विज्ञानाचे मार्क घसरले होते आणि बाबांच्या मते सगळं खापर त्या फोनवर फोडायचं होतं.

"आम्ही पण कॉमिक्स वाचली," बाबा म्हणाले. "वेताळ, मंड्रेक, अमर चित्रकथा. पण पुस्तक हातात धरून! डोळे फोडून नाही." बाबा पन्नाशीतले. वेताळ (म्हणजे फँटम) आणि मंड्रेकच्या गोष्टी छापणारी इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडली. तिची शेवटची वर्षं यांनी वाचनालयात रांगा लावून वाचलेली. बोलता बोलता चेहराच बदलला त्यांचा. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

इथे माझी चूक सांगून टाकते. मी मनातून बाबांच्या पार्टीतली. माझ्याकडे चांदोबाचे बांधीव अंक आहेत आणि जुन्या कागदाचा वास आला की मला अजून मे महिन्याची सुट्टी आठवते. त्या भरात मी पहिल्याच भेटीत सुचवलं, की महिनाभर फक्त छापील वाचून बघू या. चिरंजीव "बरं" म्हणाला. त्याचं "बरं" इतकं पटकन आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. आठवड्यानं आईचा फोन आला: पांघरुणात फोन, ब्राइटनेस कमी करून.

दुसऱ्या भेटीत मी मुलाला एकटंच बसवलं. म्हटलं, छापील का नाही वाचलंस, खरं सांग. तो म्हणाला, "कुठलं वाचू? बाबांची पुस्तकं माळ्यावर पेटीत आहेत. प्रत्येकाला प्लॅस्टिकचं कव्हर. मागितलं की आधी हात धुऊन ये, मग पान असं धर, तसं दुमडू नको. मी एकदा चिवडा खात वाचलं होतं. अजून ऐकवतात." थोडं थांबून म्हणाला, "फोन काही बोलत नाही ना."

कागदाचा एवढा आग्रह असलेल्या त्या घरात कागदच हाताला लागत नव्हता.

बाबांना मी हे जरा सांभाळूनच सांगितलं. ते आधी चिडले. त्या अंकांना आता संग्राहक चांगली किंमत मोजतात, पुन्हा मिळायचे नाहीत, वगैरे. सगळं खरं. मग मी विचारलं, तुम्ही लहानपणी ते कसे वाचायचात? म्हणाले, वाचनालयातून चार आण्याला दिवसभर भाड्यानं आणायचो. तो एक अंक घरातली तिघं भावंडं, वर शेजारचे दोघे वाचायचे. संध्याकाळी परत द्यायचा म्हणून जेवताना, आमटीचं बोट लागलेलं असताना सुद्धा. बोलता बोलता स्वतःच थांबले.

तिसऱ्या भेटीला दोघांना एकेक वस्तू आणायला सांगितली. बाबांनी वेताळाचा एक अंक आणला, मुलानं फोन. एकमेकांना वाचून दाखवायचं, मध्ये मी बोलणार नाही, असं ठरलं.

वेबटून म्हणजे पानं नाहीतच. वरून खाली सरकत जाणारी एक लांब पट्टी. बाबांनी अंगठ्यानं सर्रकन खाली ओढली. "हे काय, मध्येच सगळं पांढरं?" मुलगा वैतागला, "हळू रे बाबा! ती मुलगी जिना उतरतेय. ती रिकामी जागा म्हणजे अंधार आहे. तू जितका हळू जाशील तितकी भीती वाटते." बाबांनी परत वर जाऊन हळू सरकवलं. शेवटी अंधारातून एक हात आला तेव्हा त्यांचा अंगठा दचकून थांबला. मी बघितलं, चिरंजीवानंही बघितलं.

मग बाबांची पाळी. त्यांनी उजव्या पानाचं शेवटचं चित्र दाखवलं. कोणीतरी दार उघडतंय, पलीकडे काय ते दिसत नाही. "आता पान उलट." उलटलं, तर नवीन पानाच्या पहिल्याच चौकटीत कवटीच्या अंगठीची मूठ. मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमचं पान उलटणं म्हणजे आमचं स्क्रोल." नंतर तो त्या पानाला नाक लावून रंग बघत बसला. लाल रंग रेषेच्या बाहेर सरकलेला, जवळून नुसते ठिपके. फोनवर असं कधी दिसत नाही म्हणाला. आमच्या पाऊण तासातली पंचवीस मिनिटं यातच गेली आणि मला फीबद्दल अपराधी वाटलं.

आता मूळ प्रश्न. गोष्ट वाचणं हे वाचनच आहे, कशावरही वाचा. २०१८ साली ५४ अभ्यासांचा, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास वाचकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त चांगला समजतो, घाईत वाचताना तर नक्कीच. गोष्टीच्या बाबतीत मात्र फरक आढळला नाही. चिरंजीव विज्ञानाच्या नोट्सही पीडीएफमध्येच, वेबटूनच्या वेगानं वाचत होता. तिथे मी ठाम राहिले: अभ्यासाचं कागदावर, पेन्सिल हातात घेऊन.

आणि कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं म्हणताना आमच्या क्षेत्रानं जीभ जरा आवरावी. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं नेमकं तेच सांगणारं पुस्तक लिहिलं. सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. पुढे कितीतरी वर्षांनी त्याची कागदपत्रं तपासली गेली तेव्हा मुलांचे जबाब त्यानं सोयीनं वळवल्याचं निघालं. तेव्हा आरोपी होता तो छापील कागदच.

याचा अर्थ फोन साळसूद आहे असा नाही. दोन गोष्टी आम्ही सरळ नियम करून मिटवल्या. एक म्हणजे रात्र. छापील अंक संपतो, ॲपवर पुढचा भाग तयारच असतो, म्हणून साडेनऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. दुसरी पैशांची. पुढचे भाग उघडायला ॲपमध्ये 'कॉइन्स' विकत घ्यावी लागतात. आईच्या खात्यातून तीन महिन्यांत ८९० रुपये गेले होते आणि कोणाला पत्ता नव्हता. तेवढ्या पैशांत मांगाचे दोन खंड येतात, हे मुलानंच हिशेब करून सांगितलं.

त्यातला एक खंड खरंच घरी आला. बाबांनी उघडला आणि म्हणाले, उलटा छापलाय, परत करा. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे चिरंजीवानं त्यांना शिकवलं, म्हणे अर्धा तास. पेटीही माळ्यावरून खाली आली. प्लॅस्टिकची कव्हरं तशीच राहिली. सगळंच एकदम कसं सुटेल?

विज्ञानाचे मार्क थोडे वाढले, फार नाही. सत्रं थांबवली त्याला दोन महिने झाले असतील, बाबांचा फोन आला. आवाज दबलेला, बहुतेक ऑफिसातून.

"मॅडम, त्यानं माझा अंक वर्गातल्या एका मुलाला वाचायला दिलाय. चार दिवस झाले."

"मग?"

"मग काही नाही. तो मुलगा हात धुऊन वाचत असेल ना?"