वाचकांचे प्रश्न: परसातल्या कोंबड्यांसाठी खुराडं कुठलं घ्यायचं?

प्रश्न: ताई, आम्हाला घरच्या अंड्यांपुरत्या सहा कोंबड्या पाळायच्यात. परसात साधारण 10 बाय 15 फूट जागा आहे. बघून बघून तीन डिझाईन पक्की केलीत. एक तिकोनी, उचलून हलवता येणारं. दुसरं रेडिमेड, चार पायांवर उभं असलेलं छोटंसं घर, त्यावर 'सहा ते आठ कोंबड्यांसाठी' असं लिहिलंय. आणि तिसरं म्हणजे माणूस आत उभा राहील असं साधं शेड. घरात सगळ्यांना दुसरं आवडलंय कारण दिसायला फार छान आहे. तुम्ही काय सांगाल?

उत्तर: तिसरं. माझ्या मनात याबद्दल काहीच शंका नाही, आता का ते सांगते.

खुराडं विकत घेताना किंवा बांधताना आपण ते बाहेरून बघतो, पण पुढची कित्येक वर्षं आपल्याला त्याच्या आतच हात घालायचा असतो. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम घाण सहज करते, म्हणजे सहा जणींची रोजची अर्धा-पाऊण किलो झाली, आणि त्यातली बरीचशी रात्री झोपेत, बसायच्या दांडीच्या बरोब्बर खाली पडते. ती काढायला जर गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, एवढ्याशा दारातून खुरपं आत सरकवावं लागत असेल तर पहिला महिना उत्साहात निघतो आणि मग साफसफाई आज नको उद्या करत पुढे ढकलली जाते, आजारपण तिथूनच सुरू होतं. जिथे सरळ उभं राहून झाडू मारता येतो ते खुराडं स्वच्छ राहतं, एवढा साधा हिशोब आहे.

आता जागेचं बघू. मध्यम आकाराच्या कोंबडीला आत निदान 4 चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या आवारात 10 चौरस फूट जागा धरायची. सहा जणींना आत 24, म्हणजे 4 बाय 6 फुटांचं शेड, आणि बाहेर 60. तुमच्या 150 चौरस फुटांत हे सगळं बसून वर तुम्हाला फिरायला जागा उरते. रेडिमेड घरावर लिहिलेल्या आकड्यावर मात्र जाऊ नका, टेप घेऊन आतली जमीन स्वतः मोजा, अंड्यांच्या पेट्या वगळून. त्यातली बरीच मॉडेलं आतून 3 बाय 3 ची निघतात, तिथे दोन कोंबड्या नीट राहतील. दाटी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात आणि एकदा ही सवय लागली की मोडणं फार अवघड.

तिकोनी हलवतं खुराडं वाईट नाही, उलट मोठं गवताळ मैदान असेल तर मला ते मनापासून आवडतं, रोज थोडं पुढे सरकवायचं, कोंबड्यांना ताजं गवत-किडे आणि जमिनीला खत. पण तुमच्याकडे सरकवणार कुठे? एकाच जागी राहिलं की आठवड्याभरात खालचं गवत संपून नुसता चिखल होतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हवा. लोक जाळीचा विचार करतात, रंगाचा करतात, पण हवेचा विचार शेवटी करतात. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं, तिला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं एवढेच तिचे उपाय. शिवाय रात्रभर श्वासातून आणि विष्ठेतून ओल बाहेर पडत असते, ती कोंडली की अमोनिया साठतो, डोळे चुरचुरतात, श्वासाचे आजार होतात. म्हणून झोपलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छताखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींना जाळीच्या पट्ट्या हव्यात, दर कोंबडीमागे साधारण 1 चौरस फूट उघडी जागा होईल इतक्या. वरून गेलेली गरम दमट हवा बाहेर जाते आणि झोपेत त्यांच्या अंगावर थेट झोत येत नाही. थंड प्रदेशातही ही वरची हवा बंद करू नका, कोरडी थंडी त्या पिसं फुगवून काढतात, ओली थंडी त्यांना बाधते. सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली वाकून वास घेऊन बघा, नाकाला झोंबलं तर हवा कमी पडतेय.

उन्हाचा त्रास असेल तर शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, आखूड भिंती सूर्याकडे आल्या की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत कमी शिरतं. छताला उतार द्या आणि पत्रा भिंतीबाहेर फूटभर काढा म्हणजे पाऊस जाळीतून आत येणार नाही.

दुसऱ्या डिझाईनमधली एक गोष्ट मात्र जरूर उचला, बाहेरून झाकण उघडून अंडी काढायची सोय.

प्रश्न: आमच्या कोंबड्या दांडीवर न बसता अंड्यांच्या पेटीतच झोपतात, अंडी रोज घाण होतात. काय करावं?

उत्तर: दांडी पेटीपेक्षा खाली आहे का ते आधी बघा. रात्री कोंबडी सगळ्यात उंच जागा शोधते, तुमच्याकडे ती जागा पेटी असणार. पेट्या जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणि दांडी त्याच्या वर, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. जड जातीच्या असतील तर दोन फुटांच्या वर नको, उडी मारताना पायाला इजा होऊन तळवे सुजतात, तेव्हा पेट्याच खाली घ्या. दर कोंबडीला दांडीवर 8 ते 10 इंच जागा लागते, आणि दांडी कडा घासून गोल केलेली हवी. पेटी फूटभर लांब-रुंद-उंच, चार-पाच जणींना एक पुरते, जास्त केल्या तरी सगळ्या एकीतच रांग लावतात! दांडी खाचेत नुसती ठेवलेली असावी, खिळे मारून टाकू नका, कारण लाल माइट नावाचे बारीक जीव दिवसा तिच्या टोकाच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात, काढून घासता आली तरच ते हटतात.

प्रश्न: षटकोनी भोकांची पातळ जाळी घरात पडून आहे, ती वापरली तर चालेल?

उत्तर: दिवसा आवारातून कोंबड्या बाहेर जाऊ नयेत एवढ्यापुरती चालेल. रात्रीच्या खुराड्याला अजिबात नको, ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, दाताने-पंजाने तुटते, आणि मोठ्या भोकातून उंदीर, साप सहज येतात. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि ती स्क्रू-वॉशरने आवळा. उकरणाऱ्या प्राण्यांसाठी भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जाळी जमिनीवर सपाट अंथरून वर माती टाका, प्राणी भिंतीलगत उकरायला जातो आणि जाळीला अडतो, खोल चर खणायची गरज पडत नाही. दाराला नुसती उचलायची कडी नको, कडीत अडकवायची पिन हवी. वरच्या हवेच्या पट्ट्यांनाही हीच जाळी लावा, चढणारे प्राणी तिथूनच येतात.