डर्ट बाइकचं इंजिन कार्टला: आधी जेटिंग, पोर्टिंग नंतर

गो-कार्टला बसवायला डर्ट बाइकचं १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन निवडलंत, उत्तम! फक्त पोर्टिंगची, म्हणजे पोर्ट (सिलिंडरमधले मिश्रण आत यायचे आणि धूर बाहेर जायचे मार्ग) घासायची घाई करू नका. सुरुवातीला स्टॉक (कंपनीकडून आलं तसंच) इंजिनच भरपूर आहे.

खरा घोळ जेटिंगमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट निवडण्यात होतो. कार्टवर थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडा राहतो. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असेल तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून मोठ्या मेन जेटने (फुल थ्रॉटलला पेट्रोल देणारा जेट) सुरुवात करा, मग जेटचा एकेक नंबर कमी करत या. फुल थ्रॉटलवरच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लग काढून बघा. पांढराफटक दिसला तर जेट लगेच वाढवा.

- पेट्रोलमध्ये ऑइल मोजूनच घाला, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. अंदाजाने जास्त ओतलं की पेट्रोल कमी पडून मिश्रण उलट लीन होतं!
- रेडिएटरला थेट वारा मिळू द्या.
- स्प्रॉकेट एका रेषेत, चेनला गार्ड हवंच.

एक्झॉस्ट पाइप, इग्निशन नंतर बघू. प्लगचा रंग कळवा.