फोन पंख्याकडं धरला की पंखा चालू, असं खरंच होतं का?

तुमचं म्हणणं असं की आईला पंखे-दिवे चालवायच्या ॲपमधलं काही सापडत नाही, तर फोन ज्या वस्तूकडं धरला तीच वस्तू स्क्रीनवर यावी असं काही मिळतं का, आणि त्यासाठी यूडब्ल्यूबीवाला, म्हणजे समोरचं यंत्र किती लांब आणि कुठल्या दिशेला ते ओळखणारी चिप असलेला, महाग फोन घ्यावा का. सरळ सांगतो, फक्त एवढ्यासाठी महाग फोन घेऊ नका. ह्याच गोष्टीपायी मी स्वतः वर्षभर डोकं लावलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी परभणीचा, घरगुती वायरिंगची कामं करतो. तीन वर्षांखाली आमच्या आण्णांना लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि बोलणं अडकलं. समजतं सगळं, पण वस्तूचं नाव तोंडातून निघत नाही, "ते... ते" म्हणतात आणि डाव्या हातानं बोट दाखवतात. आता बोलून चालणारा स्पीकर अशा माणसाच्या काय कामाचा, त्याला तर नावच सांगावं लागतं, आणि ॲपमध्ये पण तेच, हॉल फॅन वन, बेडरूम लाईट टू असल्या बारा चौकोनांतून आपला चौकोन हुडकायचा. हाच माणूस शेतातली मोटर कितीतरी वर्षं मोबाईल स्टार्टरवर घरी बसून चालवायचा, रात्रीची थ्री फेज आली की फोन लावला, मोटर चालू. मोबाईलची त्यांना भीती कधीच नव्हती. बोट दाखवलं की त्या वस्तूनं ऐकावं, एवढंच पाहिजे होतं. म्हणून तुमच्या आईची अडचण मला लगेच कळली.

तर यूडब्ल्यूबी म्हणजे अल्ट्रा वाइडबँड. ह्यात फोन अतिशय छोटे छोटे रेडिओ पल्स सोडतो, समोरचं यंत्र उत्तर देतं, आणि जायला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण 30 सेंटीमीटर जाते, म्हणजे वेळ किती बारीक मोजावा लागत असेल बघा. दिशा कळायला फोनमध्ये एकापेक्षा जास्त अँटेना असतात, लहर एकीवर जरा आधी आणि दुसरीवर जरा नंतर पोचते, त्या फरकावरून कोन काढतात. ॲपलनं 2019 ला आयफोन 11 मध्ये ही चिप टाकली, आणि तुम्ही म्हणता ती नेमकी गोष्ट, म्हणजे फोन दिव्याकडं धरला की दिव्याचं कंट्रोल उघडलं, शाओमीनं 2020 च्या ऑक्टोबरात करून दाखवली होती. मी तो व्हिडिओ आण्णांच्या शेजारी बसून पाहिला, त्यांनी मोबाईलवर बोट ठेवलं आणि मग आमच्या पंख्याकडं दाखवलं.

अडचण अशी की नुसत्या फोनमध्ये चिप असून भागत नाही, समोरच्या पंख्यात, बल्बात पण ती लागते. आपल्याकडं दुकानात मिळणारे स्मार्ट बल्ब, प्लग हे वायफायवर नाहीतर ब्लूटूथवर चालतात, त्यांच्यात ती नसते. गाडीच्या चावीत आली, हरवलेली वस्तू शोधायच्या टॅगमध्ये आली, पण पंख्यात दिव्यात अजून रुळली नाही. म्हणून महाग फोन घेऊन आईचा पंखा काही त्याला ओळखणार नाही.

आता जे चालतं ते सांगतो. फोनच्या वरच्या कडेला बारीक काळा ठिपका आहे का बघा, बऱ्याच रेडमी, पोको फोनला असतो, तो आयआर म्हणजे रिमोटचा लाईट. टीव्ही, एसी, रिमोटवाला बीएलडीसी पंखा (कमी विजेवर चालणारा), बहुतेक त्याच्यावर चालतात, इंटरनेट लागत नाही. पण ह्यात एक खोच आहे. रिमोटचा न दिसणारा उजेड सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो आणि टॉर्चसारखा सगळ्या खोलीत पसरतो, भिंतीवर आपटून मागं पण येतो. कोणतं यंत्र ऐकणार हे त्यातला कोड ठरवतो, तुम्ही कुठं धरलं त्यावर ते ठरत नाही. आमच्या हॉलमध्ये एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन पंखे, आण्णांनी आपला बंद केला की मायच्या डोक्यावरचा पण बंद, मे महिन्यात 42 डिग्रीला दिवसातून दहादा हेच.

मग मी अगरबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा घेतला, त्याची बोटभर लांब नळी केली, आतून बाहेरून काळी टेप गुंडाळली आणि रिमोटच्या नाकावर बसवली. उजेड फाकायचा थांबला, नळीचं तोंड ज्या पंख्याकडं तोच ऐकतो. पहिल्यांदा चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून थोडा उजेड परत यायचा, नळी अजून दोन बोटं वाढवली तेव्हा जमलं. रिमोटवर एकच बटन उघडं ठेवलं, बाकीच्यांवर पुठ्ठा. आण्णांनी पलंगावरून डाव्या हातानं नळी वर धरली, पंखा फिरला, मग बंद केला, परत चालू केला, असं सात आठ वेळा केलं. मायनं स्वयंपाकघरातून विचारलं कामून पंखा चालू बंद करायलाव, आणि आण्णा हसले.

आईसाठी मी हेच सुचवीन, बीएलडीसी पंखा आणि नळी लावलेला रिमोट. स्मार्ट दिव्यासाठी एनएफसीचं, म्हणजे फोन टेकवला की वाचलं जातं तसलं स्टिकर पण चांगलं, फोनमध्ये एनएफसी पाहिजे आणि स्क्रीन उघडी पाहिजे, मग फोन टेकवला की आधी लावून ठेवलेलं काम होतं. फक्त ते लोखंडी कपाटावर चिकटवू नका, धातूवर साधं स्टिकर वाचलं जात नाही, लाकडी पलंगाला किंवा भिंतीला लावा.

आणि वायफायचं काही घेणारच असाल तर दोन गोष्टी आधी बघा. जुन्या घरात स्विच बोर्डात न्यूट्रल वायर आलेली नसते, बोर्डात बसवायच्या बहुतेक स्मार्ट मॉड्यूलला ती लागते, तर बोर्ड उघडून खात्री केल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. दुसरं म्हणजे लाईट. आपल्याकडं लाईट जाती येती, राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर लाईट आल्यावर पण तो सुरू होईपर्यंत फोन हातात धरून बसायचं, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या. बरेच स्मार्ट बल्ब करंट परत आला की आपोआप फुल पेटतात, रात्री दोनला लाईट आली की सगळं घर जागं. बऱ्याच ॲपमध्ये करंट आल्यावर बल्बनं काय करायचं ती सेटिंग असते, ती शेवटच्या स्थितीवर ठेवा. आणि भिंतीवरचं जुनं बटन काढू नका, आईला ते हाताला माहीत आहे.