मी त्याला जगवायला आणलं होतं, मॅडम

रस्त्यावरचं कुत्रं उचलून घरी वाढवलेल्या माणसांकडून एक प्रश्न मी समुपदेशक म्हणून वरचेवर ऐकते. आजार बरा होणारा नाही, डॉक्टर म्हणतात, "आता विचार करून ठेवा." पण थांबायचं केव्हा, ते कळणार कसं? आणि तो निर्णय आपण घ्यायचा म्हणजे आपणच मारायचं ना?

पुण्यातल्या एका शाळेत क्लार्क असलेल्या ताई हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या (तपशील बदलले आहेत). त्यांचा बंड्या चौदा वर्षांचा. पिल्लू असताना पाय मोडलेल्या अवस्थेत गटाराकडेला सापडलेला. आता किडन्या गेलेल्या, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) खूप वाढून 4.1. "आधी कसं नाही लक्षात आलं माझ्या?" हे त्यांनी पहिल्याच भेटीत तीनदा विचारलं. किडनीचं काम साधारण तीन चतुर्थांश बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढतच नाही. पाणी जास्त पिणं, लघवीला सारखं जाणं ही आधीची लक्षणं, पण ती बहुतेकांना म्हातारपणाचीच वाटतात. एवढं सांगितल्यावर त्या जरा सैल बसल्या.

सलाइन त्या घरीच लावायच्या. आरएलची (रिंगर लॅक्टेट या सलाइनची) बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग पडद्याच्या दांडीला टांगायची. बंड्याची मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई आत. थोड्या वेळात तिथे उशीसारखा फुगा यायचा आणि तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायचा. शाळेत रजेच्या अर्जावर त्या "घरी आजारपण" असं लिहीत. कोणाचं, ते लिहीत नसत. सासूबाई म्हणायच्या, "कुत्र्यासाठी एवढं?" खरं सांगायचं तर या वाक्याने माणूस जितका एकटा पडतो, तितका आजाराने पडत नाही.

मी त्यांना अ‍ॅलिस विलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांची गुणपट्टी दिली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला 0 ते 10 गुण, बेरीज 35च्या वर असेल तर ठीक चाललंय असं धरायचं. पट्टी चांगली आहे, पण इथे माझा अंदाज चुकला. दोन आठवड्यांनी त्यांनी वही दाखवली. रोज 36, 36, 37. "बेरीज 34 झाली की मी आनंदाला दोन मार्क वाढवून देते," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मग मी आकडे बाजूला ठेवले. विचारलं, "बंड्या तुमचा बंड्या कशामुळे आहे?" उत्तर लगेच आलं: दूधवाल्याची स्कूटर ऐकून दाराशी पळणं, एक चप्पल पळवून पलंगाखाली नेणं, आणि ताईंनी जेवायला घेतलं की त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवणं. म्हटलं, रोज फक्त या तिन्हींपुढे हो किंवा नाही लिहा. आणि तुम्ही नव्हे, तुमच्या यजमानांनी लिहायचं.

डॉक्टरांना काय काय विचारायचं, तेही आम्ही कागदावर उतरवलं. दयामरण घरी येऊन देता येईल का? आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? त्यानंतर भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वर्षभर त्यांच्या डोळ्यांपुढे तडफडणारा बंड्या होता. निर्णय मात्र मी सुचवला नाही. ते माझं काम नाही.

चप्पल आधी बंद झाली, मग स्कूटर. हनुवटी बरेच दिवस टिकली. यजमानांनी सलग चार दिवस तिच्यापुढेही "नाही" लिहिलं आणि वही न बोलता ताईंपुढे सरकवली.

पंधरवड्याने त्या भेटायला आल्या. "मी त्याला जगवायला आणलं होतं, मॅडम," हे पहिल्या दिवशीचंच वाक्य पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी पुढे म्हणाल्या, "चौदा वर्षं जगवला की." पहाटे पाचला अजूनही जाग येते, बाटली कोमट करायला हात पुढे होतो. मी म्हटलं, होऊ दे काही दिवस. निघताना दारात थांबून त्यांनी सांगितलं, उरलेल्या आरएलच्या सहा बाटल्या त्या डॉक्टरांकडे देऊन आल्या होत्या.

"एक्स्पायरीला अजून वर्ष आहे त्यांच्या," त्या म्हणाल्या.