‘वय किती होतं?’

प्रश्न : ताई, माझे आजोबा जाऊन सात महिने झाले. मी 29 वर्षांचा आहे. ऑफिसात रजा मागायला गेलो तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “वय किती होतं?” मी 86 म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. “मग काय, भरपूर जगले.” त्यानंतर मी ऑफिसात हा विषय काढला नाही.

लहानपणी आईवडील दोघंही कामावर, त्यामुळे मी आजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढलो. सायकल त्यांनी शिकवली. सीट धरून मागे पळायचे आणि न सांगता हात सोडायचे. पण आता डोळे मिटले की मला फक्त दवाखान्यातले शेवटचे 19 दिवस दिसतात. सुजलेला हात, नाकातली नळी, मला न ओळखणारे डोळे. सायकलमागचे आजोबा आठवायला गेलो तर चेहराच येत नाही. आवाजही पुसट होत चाललाय. फोनमध्ये त्यांचे 14 व्हॉइस मेसेज आहेत, पण ते लावायची हिंमत होत नाही.

आणखी एक. घरात आता सगळे त्यांना ‘देवमाणूस’ म्हणतात. माझे आजोबा पत्त्यांत सर्रास लबाडी करायचे आणि पकडलं की उलट आमच्यावरच डाफरायचे. हे बोललं की आई डोळे वटारते. मी त्यांना विसरत चाललोय का? की सगळेच विसरतायत?

— एक नातू

उत्तर : तुला अरे-तुरे करते, चालेल ना? माझं वय आता तेवढं झालंय.

आधी तुझ्या साहेबांचं बघू. त्यांचा हेतू वाईट नसावा, पण ‘वय किती होतं’ म्हणजे दुःखाचं रेशन किती द्यायचं, याची चौकशी असते. वय 86 असलं तर कमी, 40 असलं तर जास्त. या हिशेबात तुझी बाजू धरलेलीच नाही. तू जन्मलास तेव्हा आजोबा होतेच. त्यांच्याशिवायचा एकही दिवस तू सात महिन्यांपूर्वीपर्यंत पाहिलेला नव्हता. ते भरपूर जगले हे खरं, आणि तू पोरका झालास हेही खरं.

आता ते 19 दिवस. भीतीच्या वेळी शरीरात अॅड्रेनलिनसारखी रसायनं सुटतात आणि त्या वेळचं दृश्य ती मेंदूत घट्ट बसवतात. शिवाय ते दिवस अगदी ताजे आहेत. सायकलची दुपार वीसेक वर्षं जुनी, आणि त्या दुपारी घाबरण्यासारखं फार तर गुडघा फुटणं होतं. म्हणून दवाखाना पुढे उभा राहतो आणि बाकीचे आजोबा त्याच्यामागे झाकले जातात. ते गेलेले नाहीत. फक्त ‘आजोबा कसे होते?’ अशा गुळगुळीत प्रश्नानं ते बाहेर येत नाहीत. बारीक प्रश्न विचार. सीट धरायचे तो हात डावा की उजवा? पळताना धाप लागली की काय म्हणायचे? लबाडीचं पान कुठे लपवायचे, मांडीखाली की बाहीत? आणि हे एकट्यानं आठवत बसू नकोस. आजी असेल तर तिला विचार, त्यांच्या भावंडांना विचार, पत्ते खेळायला येणाऱ्या दोस्तांना विचार. त्यांचीही वयं झाली आहेत, तेव्हा पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नकोस.

हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतेय. माझे आजोबा 1981 साली गेले. मी एक ओळ लिहून ठेवली नाही. कशाला लिहायचं, आपण थोडेच विसरणार आहोत! पुढे दहा-बारा वर्षांनी माझ्याकडे त्यांच्या चार गोष्टी उरल्या होत्या, सांगून सांगून झिजलेल्या. त्यातली लाडकी अशी की आजोबा इतके शिस्तीचे, की भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे ठेवायचे. एकदा मी ही गोष्ट आत्यासमोर सांगितली. ती म्हणाली, “पुढे? अगं, मागे असायचं ते घड्याळ.” मी वाद घातला. मग तिनं सांगितलं की ती कॉलेजात असताना संध्याकाळी घरी यायला उशीर व्हायचा आणि आजी घड्याळाकडे बघत दारात उभी असायची. म्हणून आजोबांनी गुपचूप काटे मागे सारले होते. सात मिनिटांची सवलत, फक्त लेकीला ठाऊक असलेली.

शिस्तीचा माणूस घड्याळ पुढेच ठेवणार, असं माझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रयोगांसह हेच मांडलं होतं. लोकांना एक परकी, विचित्र वाटणारी लोककथा वाचायला दिली आणि ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली, तर दर खेपेला कथा त्यांच्या ओळखीच्या साच्यात थोडी अधिक बसत गेली. ते घड्याळ केव्हाच मोडीत गेलं, त्यामुळे आमच्या वादाचा निकाल लागायचा नाही. पण आत्यानं टोकलं नसतं, तर लेकीसाठी बायकोला फसवणारे आजोबा मला कधी भेटलेच नसते.

म्हणून ती पत्त्यांतली लबाडी जरूर लिहून ठेव. घरच्यांशी मात्र भांडू नकोस. त्यांना सध्या देवमाणूस हवाय, कारण त्याच्याबद्दल बोलताना गळा कमी दाटतो. तुझ्या वहीत मात्र डाफरणारे आजोबा राहू देत. ‘प्रेमळ होते, कष्टाळू होते’ ही वाक्यं कुणाच्याही आजोबांना लागू पडतात. मांडीखालचा एक्का फक्त तुझ्याच आजोबांचा.

व्हॉइस मेसेजचं काम मात्र आजच कर. ऐकायची गरज नाही, आधी त्यांच्या प्रती काढ. फोन हरवतो, पाण्यात पडतो, नवा घेताना जुनं चॅट नीट उतरत नाही. चौदाही फाइली फोनमधून बाहेर काढून एक प्रत कॉम्प्युटरवर ठेव, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या घरी, बहिणीकडे वगैरे. प्रत्येक फाइलला तारखेचं नाव दे. एवढं झालं की घाई संपली, मग दोन वर्षांनी ऐकलेस तरी चालेल. ऐकशील तेव्हा शेवटच्या मेसेजपासून सुरुवात करू नकोस. सगळ्यांत फालतू असेल तो निवड, ‘बल्ब आण, साठचा नको’ अशा जातीचा. जवळ कुणी असलं तर बरं. अशा आवाजावरून यंत्राकडून नवी वाक्यं बोलवून घ्यायची सोयही आता निघाली आहे. मला विचारशील तर त्या वाटेला जाऊ नकोस. आधीच माझ्यासारख्यांची घड्याळं पुढेमागे होतात, त्यात आजोबांनी कधी न उच्चारलेल्या वाक्यांची भर कशाला?

तुला कुणीतरी ‘दुःखाचे पाच टप्पे’ ऐकवेलच : नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी ते 1969 साली मांडले, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. सात महिन्यांत तू कितव्या टप्प्यावर आहेस, हे मोजत बसू नकोस.

‘आता मन काढून घे’ असंही म्हणतील. मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइड, त्यानं 1917 साली शोकाबद्दल साधारण तसंच लिहिलं होतं, की गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम. त्यानंतर 1920 साली त्याची मुलगी सोफी तापानं गेली. 1929 साली, मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला त्यानं पत्र लिहिलं. सोफी असती तर त्या सुमारास 36 वर्षांची झाली असती, असा त्यात उल्लेख आहे. गेलेल्याची जागा कशानंही भरली तरी ते काहीतरी वेगळंच राहतं, आणि ते तसंच असायला हवं, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. नऊ वर्षं झाली होती, आणि बापाला लेकीचं वय पाठ होतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘दीर्घकाळ रेंगाळलेला शोक’ असं निदान आता आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र ओढ किंवा वेदना, आणि तिच्यामुळे काम, माणसं, रोजचं जगणंच कोलमडणं, हे त्याचं लक्षण. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. पण झोप-जेवण सुटलं असेल, कामावर जाववत नसेल, आपणही जावं असं मनात येत असेल, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. साहेबांना कारण सांगायची गरज नाही.

प्रश्न : आजोबा जाऊन चार महिने झाले. आजी रोज रात्री त्यांच्या मोबाइलवर फोन लावते, ‘बंद आहे’ ऐकते आणि ठेवून देते. थांबवू का?

— एक नात

उत्तर : थांबवू नका. पण बंद पडलेला नंबर काही काळानं कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग एखाद्या रात्री कुणीतरी परकं माणूस ‘हॅलो’ म्हणेल. आजोबांच्या पश्चात नंबर नावावर करून घेण्यासाठी काय लागतं ते कंपनीकडे विचारा, आणि रिचार्ज चुकवू नका. फोन चार्ज करून कपाटात ठेवायचा की बंदच ठेवायचा, हे आजीला विचारा. ती म्हणाली की वाजू दे, तर वाजू दे. उचलायचा कुणी नाही, एवढं फक्त घरात ठरवून टाका.