‘अधीन’ म्हणजे आज्ञाधारक नव्हे

प्रश्न असा: बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात ‘प्रत्येक जणाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’ असे येशूचा प्रेषित पौल लिहितो. मग सरकारचे धोरण पटत नसले तरी ख्रिस्ती माणसाने ते मुकाट पाळायचे, असाच याचा अर्थ ना? आणि लिहायचे ‘अधीन’ की ‘आधीन’?

अंकित, ताब्यातला वगैरे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील, ते सोडून देतो. ‘अधीन म्हणजे आज्ञाधारक’ हे समीकरण मात्र व्यासपीठावरून इतक्या ठामपणे मांडले जाते की कान किटले. सेवापुस्तकात शेरा मारायला ‘आज्ञाधारक’ ठीक आहे. अधीन हा निराळाच शब्द आहे.

जुन्या कोशकारांनी याची फोड ‘अधिगत इनम्’, म्हणजे इनाकडे, धन्याकडे गेलेला, अशी केली आहे. दिसायला गोंडस, पण ओढूनताणून आणलेली. पाणिनीकडे सरळ वाट आहे. ज्या समासाच्या शेवटी ‘अधि’ येतो त्याला तो ‘ख’ प्रत्यय लावतो (5.4.7), आणि या ‘ख’चा होतो ‘ईन’. राजन् + अधि + ईन, झाले राजाधीन. म्हणजे ‘अधीन’ मुळात एकटा उभाच राहत नाही, त्याला आधी कोणीतरी लागतो. मराठीतही ‘च्या’ लावल्याशिवाय तो चालत नाही.

खरी गंमत पुढे आहे. ‘अधिरीश्वरे’ (1.4.97) या सूत्राची उदाहरणे पाहा: ‘अधि ब्रह्मदत्ते पञ्चालाः’ आणि ‘अधि पञ्चालेषु ब्रह्मदत्तः’. पहिल्यात पांचाल ब्रह्मदत्ताच्या सत्तेखाली, दुसऱ्यात ब्रह्मदत्त पांचालांवर. ‘अधि’ तोच! तो वरचा किंवा खालचा सांगत नाही, दोघांमधले नाते सांगतो. म्हणूनच ‘अधिकारी’ आणि ‘अधीन’ या दोघांच्या पोटात तो बसला आहे. विधी-मराठीने हा अर्थ अजून जपला आहे. ‘पुढील अटींच्या अधीन राहून परवाना देण्यात येत आहे’ यातल्या अटी कोणाला हुकूम सोडत नाहीत, कुंपण घालतात.

पौलाच्या ग्रीकमध्येही असाच खेळ आहे. तिथे क्रियापद आहे ‘हुपोतास्सो’: ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘तास्सो’ म्हणजे रांगेत लावणे, सैन्य मांडणे. पहिल्या दोन वचनांत याच धातूची चार रूपे येतात: अधीन असणे, (देवाने) नेमलेले असणे, विरोधात उभे राहणे आणि नेमणूक. सारा मुद्दा मांडणीचा. अधिकारीसुद्धा मांडलेला आहे, म्हणजे त्यालाही रांगेत जागा आहे आणि त्याच्या वर कोणीतरी आहे. याच धातूपासून ‘सिंटॅक्स’ आला, आणि पोटवाक्याच्या रचनेला म्हणतात ‘हायपोटॅक्सिस’. पोटवाक्य मुख्य वाक्याच्या अधीन असते, पण त्याला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचे क्रियापद असते. अधीन नागरिकाचे याहून चांगले चित्र मला माहीत नाही. धर्मसुधारक लूथरने मात्र जर्मनमध्ये तिथे ‘उंटरटान’ घातले, म्हणजे चक्क रयत, आणि पोटवाक्याचा कर्ताच खोडून टाकला.

आज्ञा पाळण्यासाठी ग्रीकमध्ये वेगळे क्रियापद आहे, ‘पेइथार्खेओ’. प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये, येशूच्या नावाने उपदेश करायला मनाई झाल्यावर, प्रेषित पेत्र तेच वापरतो: ‘आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.’ तीताला पत्रात (3:1) ही दोन्ही क्रियापदे शेजारी-शेजारी आहेत. अर्थ एकच असता तर दोन कशाला लागली असती? 1 पेत्र 3:5-6 मध्ये अब्राहामाची पत्नी सारा हिचे आज्ञापालन अधीनतेचे उदाहरण म्हणून येते, हे दाखवून कोणी आक्षेप घेईल. उदाहरण म्हणजे व्याख्या नव्हे.

व्यवहारात हे कसे दिसते? प्रेषितांनी उपदेश थांबवला नाही, पण फटके खाल्ले. पळाले नाहीत, हातही उगारला नाही. फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीविना मारून तुरुंगात टाकले. मग सोडायचा निरोप आला, तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. दाद मागणे हे अधीनच्याच पोटातले आहे.

विसाव्या शतकातले ईश्वरविद्येचे अभ्यासक ऑस्कर कुलमान यांना पहिल्या वचनातल्या ‘अधिकाऱ्यां’त राज्यसत्तेमागच्या अदृश्य दूतशक्तीही दिसल्या. सातव्या वचनात कर आणि जकात आहे. देवदूतांच्या नाक्यावर जकात भरलेली कोणी पाहिली आहे का? ‘फोरोस’ हा थेट कर आणि ‘तेलोस’ ही मालावरची वसुली, हा भेद मराठी भाषांतराने ‘कर’ आणि ‘जकात’ असा नेमका पकडला आहे. (मूळ अरबी ‘जकात’ म्हणजे इस्लाममधले धर्मदान. फारसी-मराठीच्या वाटेने ती नाक्यावर आली आणि तिथून पौलाच्या पत्रात शिरली!)

या जकातीची गोष्ट 17 जुलै, इ.स. 180 रोजी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या रोमी न्यायासनापुढे निघाली. सिल्ली गावच्या 12 ख्रिस्ती लोकांनी सम्राटाच्या दैवी अंशाची शपथ घ्यायला नकार दिला. त्यांच्यातला स्पेरातुस म्हणाला, मी जे विकत घेतो त्यावरची जकात भरतो. दोनाता म्हणाली, कैसराला कैसर म्हणून मान, भय मात्र देवाचे. त्यांचा शिरच्छेद झाला. आज्ञा मोडली, जकात भरली, शिक्षा चुकवली नाही. बार्मेन येथे 1934 मध्ये, हिटलरच्या राजवटीत, चर्चमधल्या नाझी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या जर्मन प्रोटेस्टंटांच्या सभेने जाहीरनामा काढला. त्यातल्या राज्यसत्तेवरच्या पाचव्या कलमाच्या माथ्यावर रोमकर 13 नाही, तिथे 1 पेत्र 2:17 आहे: ‘देवाचे भय धरा, राजाचा मान राखा.’ दोनाताचेच वाक्य.

हां, शुद्धलेखन राहिले. ‘अधीन’च, अ ऱ्हस्व, धी दीर्घ. स्वाधीन, पराधीन यांत संधीने ‘आ’ झालेला आहे; लोक शब्द तिथून तोडून आणतात आणि तो ‘आ’ सोबत घेऊन येतात.